एका अँप्लिफायरवर दोन वाद्ये

वाशीम, रविवार, ८ एप्रिल १९७९

रिठदच्या लग्नात आज आमच्या बँडच्या स्पीकरचा आतला कागदी पडदा फाटला. बेस गिटार आणि सिंथेसायझर एकाच अँप्लिफायरवर चालतील, हा आग्रह माझाच होता. गिटार वाजवणाऱ्या प्रकाशने नको म्हटले होते.

दोन्ही एकत्र लागताच नुसती घरघर सुरू झाली. सिंथेसायझरवर जावई. त्यांना आवाज कमी करा, असे कसे म्हणणार? मी प्रकाशचे बटण खाली आणले; मग आणखी खाली. पोटचा मुलगा, तो समजून घेईल... का घ्यावे त्याने?

एक वऱ्हाडी ओरडला, “अबे, गिटारवाल्याले जेवू घाला, आवाजच नाही निंघून राह्यला!” मांडव हसला. तेवढ्यात जावयांनी सिंथेसायझरवर नगाऱ्याच्या आवाजातले खालचे सूर दाबले आणि कागद फाटला.

प्रकाश जवळ येऊन म्हणाला, “बाबा, जावयाले बोलता येत नाही, म्हणून मलेच मुकं केलं तुमी?” गिटार खुर्चीवर ठेवून तो निघून गेला. अजून घरी आलेला नाही.

कागद नवा बसवता येतो. मी त्याला हाक मारायला हवी होती. पण त्याच वेळी जावयांनी विचारले, “मामा, कसं झालं?”

मी म्हणालो, “उत्तम.”