ड्रॉवरला थोडी फट हवी

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे ठीक आहोत. ‘ठीक’ हा शब्द मी रविवार दुपारपासून पुन्हा वापरायला लागले आहे. का, ते पुढे येईलच. तुझी मान कशी आहे? (आयुष्यभर दुसऱ्यांच्या जबड्यात वाकून बघितल्यावर मान सरळ राहील कशी, असं बाबा म्हणतात. तुझे थोरले भाऊ म्हणून त्यांना तसं बोलायचा अधिकार आहे. मी फक्त निरोप पोचवते.) दवाखाना बंद केल्यावर तू हौसेने सुतारकाम शिकणार आहेस हे वाचून आई म्हणाली, “म्हणजे आता घरात दोघी झाल्या.” तिचा सूर कौतुकाचा नव्हता. त्याला कारण आहे, आणि ते कारण आमच्या बाथरूमच्या भिंतीवर टांगलेलं आहे.

आधी तू विचारलेलं सांगते. हत्यारांचा तयार संच घेऊ नकोस. दुकानदार चकचकीत पेटी उघडून दाखवतो, पण तिच्यातल्या निम्म्या वस्तू कशासाठी आहेत हे त्यालाही ठाऊक नसतं. एक चांगली करवत, एक लहान रंधा, दोन पटाश्या, काटकोन तपासायला एक गुण्या (तो स्वतः काटकोनात आहे का हे आधी तपास, माझा नव्हता) आणि चिकटवलेले सांधे दाबून धरायला क्लॅम्प, एवढ्यावर सुरुवात होते. क्लॅम्प किती घ्यावेत असं विचारलंस. कितीही घे, एक कमीच पडतो. मला कमी पडला तेव्हा मी बाथरूममधल्या त्या कपाटाच्या एका कोपऱ्यावर तुझ्या भाच्याला बसवलं. गोंद सुकेपर्यंत तो तिथे बसून होणाऱ्या बायकोशी फोनवर बोलत होता, आणि अख्ख्या कपाटात तोच सांधा सगळ्यात घट्ट बसलाय. पटाशीला धार लावायला मात्र पहिल्या दिवसापासून शीक. बोथट पटाशी जास्त कापते, फक्त लाकूड सोडून. (माझ्या अंगठ्याची चौकशी केल्याबद्दल आभार. तो बरा आहे.) ड्रिलबद्दल तुला मी काय सांगणार? एवढंच, की लाकूड ‘आ’ करत नाही आणि ओरडतही नाही, त्यामुळे आपण फार खोल गेलो हे टोक पलीकडून बाहेर आल्यावरच कळतं. खाली एक टाकाऊ फळी ठेवत जा.

फळी घेताना तिचं एक टोक डोळ्याशी धरून लांबीभर बघ. दुकानातले लोक दचकतात, दचकू देत. तिथे वाकडी असलेली फळी घरी आणून सरळ होत नाही. (आईच्या मते हे सगळ्यांनाच लागू आहे, असं म्हणताना ती कोणाकडे बघते ते लिहीत नाही.) गोंदाची लहान बाटली घे आणि झाकण लावायला विसरू नकोस. मी विसरले. त्या विसरण्याने रविवारी आपल्या घराची अब्रू वाचवली, पण त्यावर भरवसा ठेवून तू विसरू नकोस.

आता कपाट. माझी नोकरी तुला माहीत आहे: इतरांची मोजमापाची उपकरणं खरं बोलतात का, ते तपासायचं. तिथल्या तपासणीच्या खोलीतली हवा बारा महिने एकसारखी कोरडी ठेवलेली असते. मी कपाटाच्या फळ्या तिथेच नेऊन ठेवल्या, साहेबांच्या परवानगीने तिथेच मोजल्या, आणि ड्रॉवर दोन केले. खालचा आधी केला. तो इतका सैल झाला की बंद करताना खुळखुळतो. मला त्याची लाज वाटली, म्हणून तो गुडघ्याच्या उंचीला, कोणाचं लक्ष जाणार नाही असा बसवला. वरच्याच्या वेळी मात्र मी मनावर घेतलं. बाजूला फट म्हणून कागद जाईल एवढीही जागा ठेवली नाही. तो आत ढकलला की आतली हवा निसटताना हलका उसासा येत असे, आणि तो ऐकायला मी तो दिवसभर उघडबंद करत होते. (याला कोणी काही नाव देईल. मी त्याला तपासणी म्हणते.) मग मी ते कपाट, त्या कोरड्या खोलीत मोजलेलं, आपल्या घरातल्या सगळ्यात दमट जागी नेऊन टांगलं. लाकूड ओल पिऊन फुगतं हे मला माहीत होतं. परीक्षेत आलं होतं. पूर्ण गुण मिळाले होते.

वरच्या ड्रॉवरचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बाबा. त्यांनी खिडकीतली आपल्या दातांची डबी उचलून त्यात ठेवली आणि म्हणाले, “इथे बरी राहील.” मला बरं वाटलं. घरात माझ्या कामाची कदर करणारं एक तरी माणूस आहे, असं मी समजले.

रविवारी तुझ्या भाच्याच्या होणाऱ्या सासरची मंडळी पहिल्यांदाच जेवायला येणार होती. आईने सगळ्यांना एकापाठोपाठ आंघोळीला पिटाळलं. गरम पाणी, दार बंद, खिडकी बंद. शेवटी नवरदेव शिरला तो गाणी म्हणत बराच वेळ बाहेर येईना. आला तेव्हा आरशात कोणालाच स्वतःचं तोंड दिसत नव्हतं, आणि वरचा ड्रॉवर उघडत नव्हता. मी ओढला. भावाने ओढला आणि मूठ हातात घेऊन बादलीत बसला. (मूठ नुसती चिकटवू नकोस, आतून स्क्रू लाव.) मी हेअर ड्रायर धरला. त्याने समोरची फळी वाळली, अडकलेल्या बाजू होत्या तशाच राहिल्या.

“तिजोरी करायची होती तर तसं सांगायचंस,” भाऊ कपडे पिळत म्हणाला.

“एवढं मोजून मोजून केलंस ना गं?” आई म्हणाली. “आता हेही मोज, पाहुणे जिना चढायला किती वेळ घेतात. व्याही म्हणून पहिल्यांदा समोर जायचं, ते तोंडाचं बोळकं घेऊन?” आणि ती स्वयंपाकघरातून बत्ता घेऊन आली.

कपाट फोडायचं किंवा बाबांना बिनदातांचं पंक्तीला बसवायचं, एवढंच उरलं होतं. मागची फळी काढता आली असती, पण ती मी गोंदाने चिकटवली होती. (मागची फळी नेहमी स्क्रूने लाव. हे पत्र तुला उपयोगी पडतंय अशी आशा आहे.) या सगळ्यात एकटे बाबा शांत होते. बाल्कनीत पेपर वाचत होते. “मी आपला सूप पिईन,” ते म्हणाले, “पण पोरीचं कपाट फोडू नका.” मला भरून आलं. अशा गोष्टी मी सहसा लिहीत नाही.

आईने बत्ता उचलला तेव्हा मला गोंदाची ती सुकलेली बाटली आठवली. वरच्या ड्रॉवरचा तळ म्हणजे पातळ प्लायवूड, मागून खाचेत सरकवलेलं. ते मी चिकटवणार होते, पण बाटलीत गोंद दगड होऊन बसला होता, म्हणून राहून गेलं. दोन ड्रॉवरच्या मध्ये फळी नाही आणि मागे वीतभर जागा आहे. मी खालचा, तो लाजिरवाणा, सैल ड्रॉवर ओढला. तो विनातक्रार पूर्ण बाहेर आला. आडवी होऊन खालून हात घातला आणि वरचा तळ मागे रेटला. तो कुरकुरत सरकला, आणि डबी अलगद माझ्या तळहातावर आली. त्याच वेळी बेल वाजली. आईने बत्ता पाठीमागे लपवून दार उघडलं, आणि बाबा दातांसह हसत पुढे आले. मी बाथरूमच्या फरशीवर तशीच पडून राहिले. फार सुखाची जागा आहे ती.

जेवण छान झालं. विहीणबाई हात धुवायला गेल्या, खालचा ड्रॉवर ओढून बघितला, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “किती हलका सरकतो हो! कुठून आणलात?” आईने माझ्याकडे बोट दाखवलं. बऱ्याच दिवसांनी त्या बोटात तक्रार नव्हती.

तेव्हा आत्या, मुख्य गोष्ट एवढीच: ड्रॉवरला थोडी फट ठेव, कडांना मेणबत्ती घास, आणि तळ कधीच चिकटवू नकोस. मानेला जप.

तुझी भाची

ता. क. हत्यारं एवढ्यात घेऊ नकोस. आधी इकडे राहायला ये, माझी वापरून बघ. येताना तुझं ते घासायचं बारीक यंत्र घेऊन ये.

ता. क. दुसरा. ते यंत्र लाकडासाठी नाही. पाहुणे जिना उतरले नाहीत तोच बाबांनी दात काढून ठेवले. मी विचारलं तेव्हा कबूल झाले की तू केलेली कवळी इतकी नेमकी बसते की टोचते. ते ती फक्त पाहुण्यांसमोर आणि तू आलीस की लावतात. “दवाखाना बंद करताना तिने शेवटचं काम म्हणून माझे दात केले,” म्हणाले, “आता तिला कोणत्या तोंडाने सांगू?” केसभर घासलंस तर पुरे. या बाबतीत मी अलीकडे अधिकाराने बोलू शकते. मी सांगितलं असं म्हणू नकोस. हवा दमट असली की फुगतं, एवढंच म्हण. काय फुगतं ते सांगायची गरज नाही.

ता. क. तिसरा. वरचा ड्रॉवर काल आपोआप उघडला. मी तळ परत सरकवून चारी बाजूंनी रंधा मारायला बसले, तर बाबा म्हणाले, “असू दे तसाच,” आणि डबी पुन्हा त्यातच ठेवून आले. आज सकाळी त्यांनी स्वतःच्या आंघोळीला दोन बादल्या जास्त कढत पाणी काढलं. लवकर ये.