त्रास नव्हं, छळ

११ एप्रिल १९८३, सोमवार
आजपासून डायरी. जिल्हा नवा, कचेरी नवी, कचेरीसमोरच्या लिंबाखालची माझी जागाही नवी. उस्मानाबादला मी अर्ज लिहून देणारा नुसता व्यंकटी होतो. लातूरला लोक व्यंकटराव म्हणतील असा अंदाज आहे. आज तिघांनी व्यंकटीच म्हटलं. वेळ लागतो.
शेजारी शरणप्पा टाइपरायटर घेऊन बसतो. मशीन त्याच्याकडे, शब्द माझ्याकडे.

१२ एप्रिल
सगळे अर्ज पाण्याचे. या दुष्काळात दुसरं काही सुचतच नाही कोणाला. एकजण म्हणतो, टँकरवाला परेशान करून राहिला. दुसऱ्याचं डोकं तलाठी खातो. तिसऱ्याचा जीव भावकी खाते. चौथा लई बेजार. मी सगळ्यांचं एकच लिहितो: 'त्रास होतो.' 'खोडी' लिहिली तर साहेब हसतात. 'छळ' लिहिला तर चौकशी लागते, आणि मग अर्ज कोणी लिहिला हेही विचारतात. 'त्रास' लिहिलं की कागद गुपचूप फायलीत जातो, कोणाला राग येत नाही. नऊ वर्षांत मी एकदाही छळ लिहिलेला नाही. याला अनुभव म्हणतात. शरणप्पा याला भित्रेपणा म्हणतो. त्याचं वाचन कमी आहे.

१३ एप्रिल, संध्याकाळी
रेणापूरच्या पुढच्या एका गावची चांगुणाबाई आली. वय पन्नासच्या पुढं, आवाज खणखणीत. टँकर जिथं रिकामा होतो ती विहीर सरपंच हणमंतरावांच्या गल्लीत. बौद्ध वस्तीतल्या बायांना तिथं उन्हात उभं करून ठेवतात आणि पाणी तळाला गेलं की "या आता" म्हणतात. परवा सरपंचाच्या माणसानं हिच्या सुनेची भरलेली घागर पायानं उलथी केली. सून सात महिन्यांची गरोदर. घागर गडगडत गेली तेव्हा सगळी गल्ली हसली म्हणे.
मी 'त्रास होतो' लिहून वाचून दाखवलं.
ती म्हणाली, "तरास न्हाई भाऊ. तरास माशी देती."
मी 'मस्करी करतात' सुचवलं.
"मस्करीत दोघंबी हसतेत."
मग 'उपद्रव' काढला. तो तिला कळला नाही. खरं तर मलाही नीट सांगता आला नाही.
"छळ लिहा," ती म्हणाली. "छळच हाय त्यो."
शरणप्पा मशीन थांबवून माझ्याकडे बघत होता. म्हणून लिहिला. अक्षर सुरेख आलं. तिला वाचता येत नाही, तेव्हा जोशात मी असंही बोललो की चौकशी लागली तर मी स्वतः येऊन अर्ज वाचून दाखवीन. हे बोलायची गरज नव्हती.

१४ एप्रिल
जयंतीची सुट्टी. चौकात मिरवणूक, ढोल. मी घरी. छळाचा त्रास करता येईल का, यावर दिवसभर विचार. नाही येत. अर्जावर शिक्का पडला आहे.

१८ एप्रिल
चौकशी लागली! शुक्रवारी साडेदहाला नायब तहसीलदार गावात जाणार. नऊ वर्षांत माझ्या अर्जावर पहिल्यांदाच कोणी उठून कुठं निघालं. शरणप्पानं चहा पाजला. चहा घशाखाली उतरेना. साखर जास्त होती.

१९ एप्रिल
दुपारी कचेरीसमोर जीप थांबली. उतरणारा माणूस आडदांड, मिशा भरघोस. चहावाल्याला विचारलं, "छळ लिहिणारा कोण हाय इथं?" हणमंतरावच. मी त्या वेळी योगायोगानं कचेरीच्या टाकीमागे होतो. तिथं सावली चांगली आहे. पाऊण तास होतो.
निश्चय: उद्या जागेवरच बसायचं. आपण काही गुन्हा केलेला नाही.

२० एप्रिल
डोकं दुखत होतं म्हणून घरीच थांबलो. अकराला दाराशी जीप. शरणप्पानं पत्ता दिला असणार. मी मोरीत गेलो आणि आतून कडी लावली. बाहेर हणमंतराव मंडळींशी अदबीनं बोलत होता. अशी माणसं आधी गोडच बोलतात. येतो पुन्हा, म्हणून गेला. हिनं दार वाजवून विचारलं, आत काय करून राहिलात? आंघोळ, म्हणालो. ही म्हणाली, "कशानं? घरात तांब्याभर पाणी न्हाई."

२१ एप्रिल
पहाटेच्या एसटीनं लोह्याला बहिणीकडे. ती आजारी असावी असं वाटत होतं. ती ज्वारी पाखडत होती. उद्या सकाळी परत फिरलो तरी साडेदहाला गावात पोचणं शक्य नाही, हे इथं आल्यावर लक्षात आलं. लातूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ घरी तसा निरोप धाडला आणि दुपारी नांदेडला जाऊन माहूरची गाडी धरली. देवीच्या पायाशी माणूस निर्भय होतो.

२२ एप्रिल, शुक्रवार, सकाळी साडेदहा
माहूरच्या पायऱ्यांवर बसून लिहितो आहे. वर अजून गेलो नाही. आता तिथं साहेब खुर्चीवर बसले असतील. अर्ज कोण वाचतंय, असं विचारलं असेल. चांगुणाबाई रस्त्याकडे बघत असेल.
पाय थरथरतात. चढ आहे.

२५ एप्रिल
लातूर. भिंतीच्या कडेकडेनं जागेवर आलो. शरणप्पानं सगळं सांगितलं. हणमंतराव मला मारायला आलाच नव्हता. त्याला स्वतःचं उत्तर लिहून हवं होतं. 'छळ' लिहिणारा माणूस जबरदस्त दिसतो, तोच पाहिजे, असं तो म्हणत होता. मी सापडेना म्हणून शेवटी शरणप्पानं टाइप करून दिलं, दोन प्रतींत.
चौकशीत साहेबांनी लेखकाची अर्धा तास वाट पाहिली. मग चांगुणाबाई तोंडानंच बोलली. सुनेनं ती चेपलेली घागर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. वस्तीतल्या वीस-बावीस बाया मागं उभ्या होत्या. घागर उलथणाऱ्या त्या माणसाला हणमंतरावासमोर उभं केलं तेव्हा गल्लीत कोणी हसलं नाही. आता टँकर आधी वस्तीत थांबतो.
माझ्या मार्गदर्शनामुळे अर्जाला वजन आलं, हे शरणप्पाला समजावून सांगितलं. तो कागद बदलत होता.

२७ एप्रिल
चांगुणाबाई आली. मी बहिणीचं दुखणं तयार ठेवलं होतं, तापासकट. ती समोर बसली आणि मला खालून वरपर्यंत न्याहाळू लागली. हात, डोकं, पाय.
"शनिवारीबी आले हुते," ती म्हणाली. "तुमी शुक्रवारी आला न्हाई, तवा वाटलं, त्या लोकांनी तुमाला वाटंत गाठलं. मारलं-बिरलं का काय. जेवण गेलं न्हाई मला. हितं तुमी न्हाई. घरी गेले, तर बाई बोलली, माहूरला हायती."
मी काय बोललो ते लिहीत नाही. बहिणीचा ताप काढलाच नाही.
ती म्हणाली, "असू द्या. भ्या समद्यांनाच वाटतं. सायबाम्होरं माझंबी पाय लटलट करत हुतं."
मग पदर खोचून रेणापूरची बस धरायला निघून गेली. दिवसभर दुसरं कोणी अर्जाला आलं नाही.