पाच वैमानिक आणि एक किसान

बाबा, स्मारक झालं. शाळेच्या पटांगणाला लागून, जिथून ते शेत दिसतं, तिथेच. साधा विटांचा चौथरा आणि त्यावर उभा दगड. तुमच्या वहीतली पाचही नावं त्यावर आहेत, तुम्ही लिहिली होतीत तशीच, हुद्द्यांसकट. पण दगडावर नावं सहा आहेत, आणि म्हणून हे लिहायला बसले.

तुम्ही रेल्वेचे पूल तपासायला जायचात, तेव्हा तुमच्या गँगमनने ते शेत तुम्हाला दाखवलं होतं. महायुद्धाच्या काळात एकाच थंडीत तिथे दोन विमानं कोसळली, पहिल्यात दोघं गेले, दुसऱ्यात तिघं. मग कितीतरी वर्षं तुम्ही परदेशातल्या कचेऱ्यांना पत्रं लिहीत राहिलात. चारबागच्या रेल्वे क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही ओट्याच्या कडेला आलेलं पाकीट जपून उघडता आहात, आणि मी, पंधरा वर्षांची, म्हणते, "कोण कुठले परके, त्यांच्यासाठी एवढं कशाला?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गावालाही ते परकेच होते. गावाने त्यांना टाकून दिलं नाही." आई लाटायची थांबली होती. आवाज न चढवता तुम्ही असं बोललात की पुढचे दोन दिवस मला तुमच्याकडे बघवलं नाही.

त्याच महिन्यात तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून गावात नेलंत. शेताच्या बांधावर एक बाई गवत कापत होती, असेल पंचेचाळिशीची. तुम्ही विमानांचं विचारलंत, तशी विळा खाली ठेवून म्हणाली, "हमार बाबू दौड़े रहे, भैया. जहाज जलत रहा, ऊ भितरे घुस गए. दुइ जने का खींच लाए. तीसरे दिन खुदै चल बसे." वडील गेले तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, हात जोडलेत, आणि वही न उघडताच पिशवीत ठेवलीत. ती बघत होती. तिने पदर पुढे ओढला आणि पुन्हा गवत कापू लागली. परतताना मी विचारलं, "त्यांचं नाव का नाही लिहिलंत?" तुम्ही म्हणालात, "कागदात नाही ते वहीत नाही. एकदा ऐकीव गोष्ट घेतली की बाकीच्या पाचांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही." इंजिनिअर माणसाचं उत्तर होतं ते. मला पटलंही होतं.

तुम्ही गेल्यावर वही माझ्याकडे आली. बँकेतून निवृत्त झाल्यावर ती घेऊन मी गावच्या प्रधानांकडे, म्हणजे सरपंचांकडे, गेले. ते म्हणाले, "दीदी, यह तो हमको ही करना चाहिए था." गावाने विटा दिल्या, शाळेने जागा दिली. स्मारकाच्या समितीत जानकीपुरमचे एक निवृत्त हवाई दलातले अधिकारी होते, वागण्याबोलण्यात तुमच्यासारखेच काटेकोर. मी सहावं नाव काढलं तेव्हा ते म्हणाले, "मैडम, यह एयरमेन का मेमोरियल है. और सबूत क्या है? एक बच्ची की याद?"

मी वही उघडली. तिच्यात चिकटवलेल्या, तुम्हाला आलेल्या एका पत्रात लिहिलं होतं की दुसऱ्या विमानातल्या तिघांपैकी दोघांचे देह विमानापासून बऱ्याच अंतरावर, कडुनिंबाखाली, चादर घातलेले सापडले. मी ते वाचून दाखवलं आणि विचारलं, "सर, ये दोनों वहाँ तक खुद चलकर गए थे? चादर भी खुद ओढ़ी?" त्यांनी वही स्वतःकडे ओढून ती ओळ वाचली. ही ओळ तुमच्याही नजरेखालून गेली होती, बाबा, तिच्याखाली तुम्ही पेन्सिलीने रेघ मारली होती. शेवटी ते एवढंच म्हणाले, "ठीक है. रैंक क्या लिखेंगे?" प्रधान म्हणाले, "किसान." अधिकाऱ्यांनी ते स्वतःच्या हाताने यादीत लिहिलं.

उद्घाटनाला ती बाई आली, आता नव्वदीच्या घरातली, नातसुनेचा हात धरून. तिला वाचता येत नाही. "कौन वाला?" तिने विचारलं. मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. तिने ते अक्षर अक्षर चाचपलं आणि म्हणाली, "बड़ा छोट लिखे हो." सगळे हसले, तीही हसली. पण बोट तिने बराच वेळ उचललं नाही. त्या क्षणी मला कोणाचीही परवानगी नको होती, तुमचीसुद्धा नाही. मी बरोबर केलं. अजूनही तसंच वाटतं.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. गावाशेजारच्या वस्तीत एक म्हातारे आहेत, तो अपघात त्यांनीही डोळ्यांनी पाहिला होता, असं मला दगड कोरायला देण्याआधीच कळलं होतं. माझ्या इंदिरा नगरच्या घरून तासाभराचा रस्ता. आगीत शिरले ते तिचेच वडील का, हे त्यांना विचारायला मी गेले नाही. ते 'नाही' म्हणतील, अशी भीती वाटली.