आदर्शने पाठवलेली दोन पानं

अंबरपेठ, हैदराबाद
१६ नोव्हेंबर २०००

प्रिय आदर्श,

जय भीम. ‘प्रिय’ सवयीनं उमटलंय कागदावर, त्यावर जाऊ नकोस.

तुझा लिफाफा मिळाला. एमबीए झालास, लंडनच्या कंपनीनं मुलाखतीत पसंत केलं, हे ऐकून आईनं गल्लीभर पेढे वाटले. बरोबरची दोन टाइप केलेली पानं मात्र मी तिला वाचून दाखवली नाहीत. कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून तू लिहिलेला तो निबंध. मुलाखतीतही तू हेच सांगितलंस, म्हणून आता कंपनीची बाई खातरजमा करायला घरी फोन करणार, तर ताईनं हे पाठ करून असंच सांगायचं म्हणे. वा रे वा! वर धमकी काय, तर डिसेंबरअखेर नोकरी लागली नाही तर व्हिसा संपेल आणि गाशा गुंडाळून परत यावं लागेल.

पाठ कसलं करते, पहिल्याच पानावर माझं डोकं फिरलं. पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटर कंपन्यांत आलेल्या एकट्या पोरांना घरचा डबा पुरवायचा धंदा म्हणे तू उभा केलास. तू! बाबा गेले त्या वर्षी चार डब्यांनी सुरुवात कुणी केली रे? आज सत्तर डबे जातात, त्यातला एक तरी तू भरलायस? तीन महिने स्कूटरवरून पोचवलेस, तेही अर्धे चुकीच्या पत्त्यावर. परीक्षा आली तशी मीच म्हटलं, नक्को बाबा, तू अभ्यास कर. माझंच चुकलं. पुढे काय लिहिलंयस, तर घरातल्या कमी शिकलेल्या बहिणीला तू काम दिलंस. गाढवा, मी उस्मानियाची बी.कॉम. आहे. तुझ्या इंग्रजीत तीन चुका होत्या, त्या लाल पेनानं दुरुस्त करून ठेवल्यात.

एवढ्यावर गप्प बसले असते, खरंच सांगते. लहानपणापासून तू माझ्या ताटातलं उचलत आलायस आणि मी उचलू देत आलेय. पण दुसरं पान वाचलं आणि अंगाची नुसती आग झाली. आपले डबे घेणारी दोन पोरं एकदा घरी आली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला, तशी पाण्याला हातही न लावता उठली. दुसऱ्या दिवसापासून डबे बंद. दारात मी उभी होते. त्यांच्यासाठी चिरलेली वांगी मी आणि आईनं रात्री मुकाट्यानं खाल्ली. तू त्या दिवशी नांदेडला मित्राच्या वरातीत नाचत होतास. ही गोष्ट मी आयुष्यात फक्त तुला सांगितली, तुझ्यासमोर रडले. आणि तू ती स्वतःवर ओढवलेला प्रसंग म्हणून लिहिलीस, वर आपलं धैर्य मिरवलंस? तुलाही असं कुणी वागवलं असेल, नाही कशाला म्हणू? मग ते लिहायचं होतंस. माझे कष्ट घेतलेस, घे. माझा अपमान कशाला घेतलास? लाज कशी वाटली नाही तुला?

काल दुपारी फोन आला. बाई सभ्य होती, मला समजावं म्हणून सावकाश बोलत होती. मी तिला सगळं खरं सांगितलं. तू हुशार आहेस, आकडेमोडीत पक्का आहेस, हेही सांगितलं, कारण तेही खरंच आहे. तिनं आभार मानले आणि फोन ठेवला. आईनं विचारलं, कधीपासून कामावर जाणार माझा आदर्श? मी संध्याकाळचे डबे पुसायला घेतले. नोकरी नाकारताना तिकडचे लोक कारण सांगत नाहीत, असं तूच मागे लिहिलं होतंस. मग तू आपल्या नावावर, रंगावर संशय घेत बसशील, आपण कुठे कमी पडलो म्हणून रात्र रात्र जागशील. तसं करू नकोस. नोकरी हुकली, तर ते मी केलंय.

अजून तरी तुझीच,
भामाताई