माझ्याच नावाचं कार्ड

ती. आईस नमस्कार,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "गाल सुजलाय का गं?" मी कॅमेऱ्यावर ढकललं. खरं तर दाढ तीन महिने ठणकत होती. दाखवायला गेले नाही, कारण ह्यांच्या विम्यातलं माझं नाव गेलं होतं. आणि ते का गेलं, हे तुला सांगायची छाती नव्हती. आई, मी त्यांचं घर सोडलंय.

आता मी एका मोठ्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. परदेशी माणसालाही इथे नोकरीबरोबर विमा मिळतो, दातांसकट, हे मला सुपरवायझर बाईंनी सांगितलं. काल कार्ड घेऊन दवाखान्यात गेले.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "विमा मिस्टरांच्या नावावर ना?"

"नाही, माझ्याच." आवाज जरा मोठाच निघाला. बाकावरचे दोघे वळून बघायला लागले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाढ वाचेल. पण इतके दिवस अंगावर का काढलंत?" तोंडात कापूस होता, म्हणून सुटले.

तुझ्यापुढे तसं सुटायचं नाही. हे वाचून तू एकटीच रडत बसशील, म्हणून पत्र टाकत नाही. उद्या फोनवरच सांगते. हवं तेवढं रागाव, फक्त फोन ठेवू नकोस.

तुझी,
धाकटी