घर दिपिकाला, चिठ्ठ्या निशिगंधाला

मी, शकुंतला रघुनाथ मरवडे, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार रोहा, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण डोके ठिकाणावर आहे; ज्याला शंका असेल त्याने मी आहे तोवर येऊन खात्री करावी. माझ्यावर कोणाचे दडपण नाही.

कलम १. रोह्यातील राहते घर मी माझ्या नोकरीच्या कमाईतून बांधले. ते आतील चीजवस्तूंसह दिपिका मितेश ठाकूर, राहणार पेण, हिला मिळावे. कायद्याने तिला काय मिळते ते वकिलांनी मला समजावले. पण मला ते कायद्यावर सोडायचे नाही, माझ्या हाताने द्यायचे आहे.

दिपिका ही माझ्या यजमानांच्या पहिल्या पत्नीची मुलगी. मी लग्न होऊन आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. ती माझ्याशी बोलत नसे. मी वाढलेले ताट तसेच ठेवून शेजारच्या धोंडुबाईंकडे जेवून येई. धोंडुबाई मला म्हणत, "पोर हाय गो, येल वळणावर." मी जबरदस्ती केली नाही.

त्या सुमारास एका मंडळाने मराठी गणितकोशाचे काम काढले. नोंदी इतर लोक लिहीत. त्यांचे वर्गीकरण माझ्याकडे होते. एका नोंदीची एक चिठ्ठी. प्रत्येक चिठ्ठीला मी एकच प्रश्न विचारी: ही संकल्पना दुसरीचा प्रकार आहे, की नुसती तिच्या शेजारची? चौरस हा आयताचा प्रकार. क्षेत्रफळ हे आयताच्या शेजारचे. प्रकार असेल तर चिठ्ठी मोठ्या नोंदीखाली जाई, शेजारची असेल तर तळाशी 'पाहा' असे लिहून दुसरीचे नाव. सुट्टीच्या दिवशी ओटीवर चिठ्ठ्या पसरून मी बसत असे.

एकदा दिपिका दारात उभी राहून बघत होती. लंबवर्तुळ, अन्वस्त, अपास्त या चिठ्ठ्या मी 'शांकव' या नोंदीखाली लावल्या आणि वर्तुळाची चिठ्ठी त्यांच्यात सरकवली. तिने विचारले, वर्तुळ त्यांच्यात कशाला? माझ्याशी तिचे ते पहिले बोलणे. मी तिला स्वयंपाकघरात नेले, गाजर घेतले. सरळ आडवे कापले तर वर्तुळ, तिरके कापले तर लंबवर्तुळ. बाकीचे दोन आकारही अशाच निमुळत्या शंकूच्या कापातून निघतात, असे सांगितले. तिने दोन्ही चकत्या हातात धरून बराच वेळ पाहिल्या.

"म्हंजे ही सगळी एकाच गाजराची?" ती म्हणाली, आणि चकत्या खाऊन टाकल्या. रात्री ती घरीच जेवली.

तेव्हापासून चिठ्ठ्या आम्ही दोघी लावत असू. वाऱ्याने उडू नयेत म्हणून ती त्यांच्यावर खडे ठेवी आणि माझ्याशी वाद घाली. शून्य कुठे ठेवायचे यावरून आम्ही एक अख्खी दिवाळीची सुट्टी भांडलो.

कलम २. कोशाच्या चिठ्ठ्यांच्या पेट्या पेणच्या निशिगंधा पाटणकर यांना द्याव्यात. मंडळ बंद पडले, कोश छापला गेला नाही. आता त्या या नोंदी संगणकावर चढवत आहेत. त्यांचे वडील, आमचे संपादक कैलासवासी मोरेश्वर पाटणकर, यांचे म्हणणे होते की वर्तुळ सुटेच हवे, कारण पोरे आधी तेच शोधतात. निशिगंधा, वर्तुळाला स्वतंत्र नोंद खुशाल द्या. पण शांकवाखालून त्याला काढू नका. तुमच्या वडिलांशी असलेला हा एक वाद मी इथेही मिटवलेला नाही.

कलम ३. खांब येथील भातजमिनीत यजमानांच्या मागे माझ्या नावे जो हिस्सा आला, तो माझे दीर महिपती मरवडे यांना द्यावा. कसतात तेच.

हे वाचून महिपतींना नवल वाटेल. यजमान गेले तेव्हा दिपिका पंधरा वर्षांची होती. दिवसकार्य उरकल्यावर महिपती गाडी घेऊन आले आणि म्हणाले, पोर मरवड्यांची आहे, आम्ही नेतो; तुमचे तिच्याशी रक्ताचे काही नाही. खरेच होते. मी आत जाऊन तिचे कपडे पिशवीत भरू लागले. दिपिका मागून आली, तिने पिशवी उलटी केली आणि ओटीवर जाऊन काकाला म्हणाली, "मी नाय येत. हिला एकटीला चिठ्ठ्या लावता येत नाय."

महिपती चहा न घेता गेले. पण पुढच्या सुगीला त्यांनी भाताचे पोते पाठवले, आणि ते आजतागायत चुकलेले नाही. राग मी केव्हाच सोडला आहे. जमीन त्या पोत्यांसाठी.

कलम ४. बँकेतील ठेवीतून अंत्यविधीचा खर्च करावा, उरेल ते दिपिकाचे. अग्नी तिनेच द्यावा. डोलवीच्या कंपनीतल्या तिच्या शिफ्ट बुडवून तिने तेरा दिवस घरात बसू नये.

आता हे आजच का लिहिले, ते सांगते. गेल्या महिन्यात छातीत दुखले म्हणून दिपिकाने मला पेणला दवाखान्यात नेले. मी स्ट्रेचरवर होते. नोंदणीच्या खिडकीतल्या मुलाने तिला विचारले, तुम्ही पेशंटच्या कोण? ती दमली होती. म्हणाली, "हिला माझ्याशिवाय कोणी नाय, मला हिच्याशिवाय करमत नाय. तुमच्यात याला काय म्हणतात ते लिहा."

त्याने कागदावर 'मुलगी' असे लिहिले. मी पडल्या पडल्या वाचले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या; या नोंदीत मला दुरुस्ती सुचवायची नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: शकुंतला रघुनाथ मरवडे

साक्षीदार:
१. अक्षय सखाराम भोईर, रोहा
२. प्रतिक्षा मिथुन शेडगे, रोहा

स्थळ: रोहा
दिनांक: १९ जानेवारी २०२५