काकूंच्या नावाची माशी

सर, तुमची माशी आता राहत नाही. म्हणजे माशी राहील. दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलच्या मागे रिजवरच्या जंगलात ती अजूनही कीकराच्या, म्हणजे बाभळीच्या, वाळक्या काटकीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या मधमाशीवर झडप घालतेच आहे. जाणार आहे ते तिचं नाव. तुम्ही उभ्या आयुष्यात एकच नवी जात शोधलीत, तिला बायकोचं, आमच्या काकूंचं, नाव दिलंत, आणि ती जात मुळात वेगळी नाहीच, असं सांगणारा पेपर आता माझ्या सहीने जायचा आहे. तुम्ही असता, तर टेबलावर हात आपटून मला खोलीबाहेर काढलं असतंत. तुम्ही नाही आहात, त्यामुळे निमूट ऐका. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुमच्यासमोर माझं वाक्य पुरं होतंय.

आम्ही हल्ली या शिकारी माश्यांचे जीनोम वाचतो. उडता उडता दुसरा किडा पकडायचा, सोंड खुपसून विष सोडायचं आणि त्याला आतून पिऊन टाकायचं, ही विद्या या कुळात कधी आणि कशी आली, ते त्यातून शोधायचं आहे. त्यासाठी ठिकठिकाणच्या जाती घेतल्या, आणि तुमच्या पेटीत टाचणीला टोचून ठेवलेल्या माश्यांचा एकेक पाय काढला. हो, पाय काढला. ओरडू नका. आता तेवढा पुरतो. वंशवृक्ष तयार झाला की काकूंची माशी आपली वेगळी फांदी धरून बसलेली दिसेल, अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात ती दिल्लीभर सापडणाऱ्या साध्या माशीत दुधातल्या साखरेसारखी मिसळून गेलेली. माझी विद्यार्थिनी लातूरकडची, यूपीएससीच्या क्लाससाठी दिल्लीत आली आणि माझ्या माश्यांत अडकली. ती म्हणाली, "मॅम, मी तीनदा रन केलं. बिल्कुल वेगळी नाही ही." मी तिच्यावरच खेकसले. पुन्हा कर म्हटलं. तिने पुन्हा केलं आणि पुन्हा तेच आलं. मग या चिकट मुलीने, मी न सांगता, तुमचं जुनं रजिस्टर काढलं आणि त्याच माश्यांचे पंख नव्याने मोजले. "मॅम, पहिल्या वीस-बावीस माश्यांची मापं जुळतात. पुढची जुळतच नाहीत. सगळ्यांच्या पंखातली शीर लांब लिहिलीय, पण तशी ती नाहीये."

तुमची अख्खी जात पंखातल्या त्या एका शिरेवर उभी होती, हे तुम्हाला काय सांगायचं! ती मे महिन्यातली दुपार मला नको तितकी आठवते. कूलर गरम वारा फेकतोय. मी मायक्रोस्कोपला डोळा लावून आकडा सांगतेय आणि तुम्ही शेजारी बसून तुमच्या टपोऱ्या अक्षरात तो रजिस्टरमध्ये उतरवताय, कारण तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि तुम्हाला पट्टीवरच्या बारीक रेघा दिसत नाहीत. एका माशीचा पंख चुरगळलेला होता, म्हणून मी म्हटलं, "सर, साधारण तीन." तुम्ही पेन खाली ठेवलंत. "साधारण म्हणजे किती? भाजीत मीठ टाकतेयस का?" आणि मग अर्धा तास, घड्याळ लावून अर्धा तास, अचूकपणा म्हणजे काय यावर प्रवचन. सर, तुमच्या त्या प्रवचनांचा मला आजही संताप येतो. माणूस चुकला तर दुरुस्त करावं. त्याला सोलून काढायची काय गरज? मला मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचं होतं आणि माश्यांचा अर्धाअधिक ट्रे शिल्लक होता. तोवर मोजलेल्या माश्यांत शीर जराशी लांब दिसत होती, आणि प्रत्येक आकड्याला तुमची मान कशी डोलते, तेही मला दिसत होतं. मग मी पट्टी सरकवायचीच सोडून दिली. भिंगात डोळा, आणि तोंडाने दोन दशांश स्थळांपर्यंत मनचे आकडे. साधारण हा शब्द पुन्हा काढला नाही. तुम्ही इतके खूश झालात की शेवटी म्हणालात, "बघ, मनावर घेतलंस की जमतं तुला."

सिनेमा भिकार निघाला, हे जाता जाता सांगते.

आणि तुम्ही तरी काय हो! एकदाही दुसऱ्या कुणाला मोजायला लावलं नाहीत. जगाला अचूकपणा शिकवायचा आणि स्वतः एका पोरीच्या तोंडावर विसंबून नवी जात जाहीर करायची. ती छापून आली त्या दिवशी तुम्ही मला मयूर विहारच्या घरी जेवायला नेलंत. काकू ओट्याशी पुऱ्या तळत होत्या. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, लाजत, तुम्ही लाजत होता सर, तो कागद त्यांच्यापुढे धरलात. झारा हातात तसाच धरून काकू म्हणाल्या, "बाई बाई, लोक बायकोला पाटल्या करतात, ह्यांनी माशी केली!" पण कढईतली पुरी काळी पडली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. पेपरच्या शेवटी तुम्ही अचूक मोजमापांसाठी माझे आभार मानले होते. माझं नाव पहिल्यांदा छापून आलं ते तिथे. मी चार पुऱ्या जास्त खाल्ल्या.

गेल्या रविवारी काकूंना सांगायला गेले. पेपरातून कळण्यापेक्षा तोंडाने कळलेलं बरं. थालीपीठ पानात पडल्यावर कसंबसं बोलले. त्या म्हणाल्या, "अगं, एवढं तोंड पाडून काय सांगतेस? नाव गेलं तर गेलं. पण ह्यांचंच चुकलं ना शेवटी? मोतीबिंदू काढा, मोतीबिंदू काढा म्हणून मी घसा कोरडा केला. ऐकलं कधी? म्हणायचे, घाई काय आहे, ती आहे ना माझ्या वतीने बघायला." मग हॉलमधल्या तुमच्या फोटोकडे वळून म्हणाल्या, "हट्टी मेला." लटक्या रागाने नाही, खऱ्या रागाने. तुम्ही गेल्यापासून त्यांना तुमच्याविषयी असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. तिथेच सांगायला हवं होतं. मी थालीपीठ चावत राहिले. लोणी घे म्हणाल्या, तर घेतलं.

परतताना मेट्रोत स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की शेजारची बाई सरकून बसली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ठरवूनच गेले. पेपरच्या मसुद्यात लातूरच्या त्या मुलीने लिहिलं होतं की मूळ लेखकाची दृष्टी अधू असल्याने मापांत चूक झाली असावी. मी म्हटलं, "हे वाक्य काढ. आकडे त्यांनी फक्त लिहून घेतले. मापं मी घेतली होती." ती गोरीमोरी झाली. "सॉरी मॅम! मला माहीतच नव्हतं." मग तिने घाईघाईने मला सावरून घेतलं. "पण मॅम, तेव्हाचे मायक्रोस्कोप तरी कसले असतील ना! तुमची काय चूक त्यात?" आणि माझ्यादेखत ते वाक्य बदललं. तसं नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं काय, तर, "तुझा लंच झाला का?"

तर उद्या जाणाऱ्या पेपरात तुमच्या डोळ्यांवर ठपका नाही. उपकरण सदोष असावं, असं लिहिलंय. काकूंना मात्र अजून तुमचे डोळेच वाटताहेत. त्यांना फोन केलेला नाही. मायक्रोस्कोप उत्तम होता, सर.